सेगुंद गाणारी कोस्तान्स

कोस्तान्स मानाला एकाही गाण्याची चाल येत नाही, हे मला लग्न होऊन व्हडलेंभाटात आल्यावर चार-पाच वर्षांनी कळलं. माना म्हणजे ताई. आमच्या वाडीवर लहानथोर सगळे तिला तेच म्हणतात. तोवर माझी समजूत अशी की गावात तिच्याइतकं गाणं कुणालाच येत नसेल. रविवारी चर्चमध्ये, आमच्या इगर्जीत, ती वरच्या माडीवर गाणाऱ्यांत उभी. मे महिन्यात वाडीच्या क्रुसापाशी, खुरसापाशी, लादाईनची प्रार्थना असली की पुढे उभी. कुणाकडे मयत झालं तरी पाद्रीच्या आधी निरोप तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, एर्मेलिंदला. अशा बाईला चाल येत नाही म्हणजे काय?

माझ्या थोरलीचा पहिला वाढदिवस होता. केक कापताना सगळ्यांनी गायला सुरुवात केली आणि मधेच मेणबत्ती केकवर कलंडली, म्हणून सगळे गप्प झाले. एकटी कोस्तान्स माना गात राहिली. शब्द तेच होते, पण सूर भलतेच. बाजारातून एखादी बाई मान खाली घालून कडेकडेने निघते तसे ते कुठून तरी खालून चालले होते. मुलं खिदळायला लागली. शेजारची पिएदाद, जिच्या तोंडाला कधी कडी लागलेली मी पाहिली नाही, म्हणाली, "माना, वाढदिवस आहे गं पोरीचा, मयत नाही."

"मी सेगुंद गात होते," कोस्तान्स म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी चाल सोडलीत, त्याला मी काय करू?"

मी सावंतवाडीची, मराठी शाळेत शिकलेली. माहेरी आम्ही रोजचा तेर्स, माळेची प्रार्थना, म्हणायचो, पण सगळे एका सुरात, शेतावर चालल्यासारखे एकामागून एक. तीन आवाजांची लादाईन मी सासरी आल्यावर प्रथम ऐकली. सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या, एकेका नावाने तिला हाक मारायची आणि लोकांनी दर हाकेला उत्तर द्यायचं, एवढंच खरं तर तिच्यात असतं. पण ती हाक तिघांनी मिळून मारायची असते. पहिला आवाज चाल धरतो. तळाला बास, तो पुरुषांचा. आणि या दोहोंच्या मधे, पहिल्याच्या जरासं खाली, सेगुंद म्हणजे दुसरा आवाज. सेगुंद एकटं ऐकलं तर काहीतरी चुकतंय असंच वाटतं. पहिल्याबरोबर ऐकलं तर पहिला आवाज गोड लागतो, आणि लोक घरी जाताना म्हणतात, काय गळा आहे पहिल्याचा!

आमच्याकडे पहिला आवाज एर्मेलिंदचा, बास इनासचा. इनास रेबेकही वाजवायचा. हनुवटीखाली धरलेली ती रेबेक एर्मेलिंदच्या सुरांवरूनच चालायची. कोस्तान्स डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. पन्नास वर्षं.

ती जागा तिला संगीत शिकवणाऱ्या मेस्त प्लासिदने दिली. कोस्तान्स आठ वर्षांची आणि एर्मेलिंद सहाची असताना बापाने दोघींना इगर्जीच्या संगीतशाळेत घातलं. मेस्ताने दोघींकडून एक ओळ म्हणवून घेतली. मग धाकटीला म्हणाला, "तू इथे, माझ्यासमोर." आणि थोरलीला, "तुझे कान चांगले आहेत. तू मागे."

"बघ लुर्दिन," कोस्तान्स मला सांगायची, "गळा चांगला असला की पुढे, कान चांगले असले की मागे." आणि हसायची. त्या हसण्यात कडवटपणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, कारण मी तिच्या जागी असते तर मला राग आला असता. मला तो सापडला नाही.

तिचं म्हणणं, मेस्ताने तिला फक्त जागा दाखवली. सेगुंद तिच्या कानात त्याच्या आधीपासून होतं. तिची आई वाटण वाटताना गायची. सगळ्या घरांत गातात. एर्मेलिंद आईच्या तोंडाकडे बघत बसायची आणि कोस्तान्स रगड्याला टेकून बसायची. दगडावर दगड फिरतो त्याची एक घरघर असते, नारळ बारीक होत जातो तशी ती जाड होत जाते. आईचं गाणं वर आणि ती घरघर खाली. "आई थांबली की रगडा पण थांबायचा, म्हणून मला वाटायचं गाणं दगडच म्हणतोय आणि आई फक्त त्याला शब्द देतेय," असं ती एकदा म्हणाली. मी ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं, म्हणून नेमके शब्द सांगता येतात.

दुसरा तिचा गुरू बाबल गावडे. हे ऐकून पाद्रीच्या भुवया वर जातील, पण खरं आहे ते खरं. शेताच्या पलीकडे देवीचं देऊळ आहे, तिथे गुरुवारी भजन असतं. लहानपणी कोस्तान्स त्या बाजूला दूध घालायला जायची आणि येताना बांधावर उभी राहायची. पुढे बसलेला बुवा ताना घ्यायचा, लोक माना डोलवायचे. ही मागच्या रांगेतल्या बाबलला ऐकायची. बुवाची ओळ संपत आली की बाबल ती खालून उचलायचा आणि नुसती धरून ठेवायचा, बुवा परत येईपर्यंत. मोठी झाल्यावर एकदा मडगावच्या बाजारात तिने त्याला गाठलं आणि विचारलं, "बाबलभाऊ, तुम्ही मागे बसून काय गाता हो?" तो भोपळे विकत होता. म्हणाला, "मी कुठे गातो बाय? मी बुवाला दम घ्यायला देतो."

"एवढं मेस्तानेसुद्धा कधी सांगितलं नाही मला," कोस्तान्स म्हणायची.

तियात्राचं नाटक बघायला ती दोन माणसांच्या गाण्यांसाठी जायची. एकट्याचं गाणं सुरू झालं की शेंगदाणे सोलायला घ्यायची. दोघांचं सुरू झालं की डोळे मिटून घ्यायची, आणि खालच्या आवाजाच्या माणसाने जरा आळस केला की घरी येईपर्यंत कुरकुर. रेडिओवर हिंदी गाणी लागली की एर्मेलिंद वरून गायची आणि ही खालून. हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर तिचा राग एवढाच, की सगळं भरलेलं असतं, उभं राहायला जागा ठेवत नाहीत. कुठलंही नवं गाणं कानावर आलं की तिचा एकच प्रश्न, "खाली जागा आहे का?" इगर्जीत तरुण मुलांनी गिटार आणली तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या तक्रार घेऊन पाद्रीकडे गेल्या, ही गेली नाही. मला म्हणाली, "गिटार वाईट नाही गं. फक्त सगळ्यांना शिकवून ठेवते, इथेच या, इथेच या. मग सगळे एका ओळीवर येऊन बसतात, जसे बसमध्ये सगळे दारापाशी."

लग्न तिने केलं नाही. विचारायला आले होते दोघे-तिघे. एर्मेलिंदचं आधी झालं, मग आई आजारी पडली, मग बाप. एर्मेलिंद लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन मुलासह माहेरी परत आली आणि दोघी बहिणी पुन्हा एका घरात राहायला लागल्या. माझं घर त्यांच्या अंगणाला लागून. सकाळी एर्मेलिंद भांडी घासताना वरून काहीतरी सुरू करायची आणि झाडलोट करता करता कोस्तान्स खालून. मी चहा ठेवून ऐकत राहायची. माझे यजमान बोटीवर, वर्षातले नऊ महिने घरात मी आणि मुली. त्या दोन आवाजांनी माझ्या कितीतरी सकाळी भरून काढल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी एर्मेलिंदचा मुलगा येऊन तिला इंग्लंडला घेऊन गेला. स्विंडनला तो आणि त्याची बायको दोघंही पाळीवर कामाला जातात, नातू सांभाळायला कोणी नाही. निघायच्या दिवशी एर्मेलिंद रडून रडून सुजली होती. कोस्तान्सने पिशवीत लोणच्याची बाटली नीट बसते का ते तीनदा बघितलं. गाडी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, कोंबड्यांना घालायचंय."

त्या पावसाळ्यानंतर इनास वारला. त्याच्या मयताला ती एकटीच उभी राहिली. रेबेक त्याच्या घरी भिंतीवर टांगलेली होती, पण वाजवणार कोण? दफनाच्या वेळी तिने गायला सुरुवात केली. नेहमीप्रमाणे, नेहमीच्या जागी, अर्धं पाऊल मागे. पुढे कोणीच नव्हतं. मला ते बरोबर ऐकू येत होतं, कारण माझ्या डोक्यात एर्मेलिंदची चाल चालू होती. पण इनासची मुंबईची सून तिच्या नवऱ्याला हळूच म्हणाली आणि ते सगळ्यांनी ऐकलं, "त्या आजींना बरं वाटत नाही का? त्यांना बसवा ना कोणीतरी." पिएदादने खरंच तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. कोस्तान्सने ओळ पुरी केली आणि थांबली. मातीची मूठ टाकली. 

त्यानंतर ती कुठेच गायली नाही. गेली दोन वर्षं आमच्या वाडीच्या खुरसाची लादाईन झालीच नाही, नुसता तेर्स म्हटला. यंदा खुरसाची प्रेझिदेंत पिएदाद. तिच्या घरचा मान, तिचा खर्च, तिचा तोरा. एप्रिलमध्येच ती कोस्तान्सच्या पायरीवर येऊन बसली. मी तिथे कैऱ्या चिरत होते.

"माना, स्पष्ट सांगते, राग मानू नकोस," पिएदाद म्हणाली. "मी बाहेरून माणसं बोलावतेय. त्यांचा स्वतःचा माईक आहे, बाजा आहे. माझ्या वर्षाला नुसता तेर्स झाला तर लोक मला जन्मभर ऐकवतील."

"बोलाव की," कोस्तान्स म्हणाली.

"तू गात असशील तर नाही बोलवत. पण ते तुझं खालचं-खालचं नको. सगळ्यांना कळेल असं गा. चाल गा."

"मला चाल येत नाही, पिएदाद."

"अगं माझ्या बोकडाला येते लादाईनची चाल! पन्नास वर्षं एर्मेलिंदच्या कानाला कान लावून उभी होतीस आणि येत नाही म्हणतेस?"

"कानाला कान लावून होते, म्हणूनच येत नाही."

पिएदाद मला म्हणाली, "तू समजाव हिला. आठ दिवस देते." आणि चार कैऱ्या ओच्यात टाकून गेली.

मी समजावलं. ते मला इथे लिहायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. मला वाटत होतं, ती गात नाही म्हणून वाळत चालली आहे. दिवसभर दार लोटून बसते, पेज शिजवते आणि अर्धी कोंबड्यांना घालते. बाहेरची माणसं येऊन आमच्या खुरसासमोर बाजा वाजवणार आणि कोस्तान्स माना मागे स्टुलावर बसणार, हे चित्र मला सहन होईना. मी म्हटलं, "माना, सायबिणीला काय, पहिला आवाज आणि दुसरा आवाज? तिला तू हाक मारलीस म्हणजे झालं."

ती म्हणाली, "लुर्दिन, सेगुंद मला कोणी शिकवलेलं नाही. मेस्त एर्मेलिंदला चाल शिकवायचा आणि मी त्या चालीच्या खाली जाऊन उभी राहायची. आता ती चाल माझ्याच तोंडात बसली, तर खाली कोण उभं राहील?"

मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

आधी आम्ही फोनवर करून बघितलं. संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडे नातू जेवून झोपलेला. माझ्या फोनवर एर्मेलिंदचा चेहरा आला. केस कापलेले, अंगात पोराचा कसला तरी टोपीवाला स्वेटर.

"कोस्तू! बारीक झालीस गं!"

"तू जाड झालीस. गा."

"हळूच गाते हां, बाळ उठेल." आणि तिने सुरुवात केली. कोस्तान्सने दोन हाका ऐकल्या, तिसरीला तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. एर्मेलिंद थांबून म्हणाली, "काय झालं? ऐकू येत नाही का?"

"तुझं तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो. मी कुणाच्या खाली उभी राहू, तोंडाच्या की आवाजाच्या?"

एर्मेलिंद हसायला लागली, मग कोस्तान्सही, आणि दोघी अशा हसल्या की तिकडे बाळ उठलं आणि फोन बंद झाला.

मग मी म्हटलं, मीच चाल म्हणते, तू सेगुंद धर. आपण दोघी मिळून गाऊ. चाल मला येते, आमच्याकडे कोणालाही येते. माझा गळा बरा नाही, पण देवाच्या कामाला चालेल. चार दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर बसलो. मी एकटी म्हणत होते तोवर ठीक. तिने खालून सूर लावला की दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला मी घसरून तिच्याच सुरावर जाऊन बसायची. मला कळायचंसुद्धा नाही. ती थांबून म्हणायची, "आलीस का खाली?" मी पुन्हा वर चढायची, पुन्हा घसरायची. तिचा सूर असा ओढून घ्यायचा, जसं उतारावर सायकल आपोआप जाते. ती म्हणाली, "एर्मेलिंदला मेस्ताने सहा महिने कानात कापूस घालून उभं केलं होतं, तेव्हा कुठे ती माझ्याकडे ओढली जायची थांबली. तुझ्याकडे सहा महिने आहेत का?"

पिएदादचे आठ दिवस संपत आले होते.

पाचव्या दुपारी मी गेले तर कोस्तान्स खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून बसलेली. तिच्यात मेस्ताच्या हातच्या वह्या होत्या, जांभळ्या शाईत लिहिलेल्या. एर्मेलिंदची वही तिने बाजूला काढली होती. चष्मा पुसून ती पहिली ओळ बोटाने वाचत होती, सोल्फाच्या अक्षरांत, एक एक सूर, जशी बालवाडीतली मुलगी. सेगुंदाचं पान तिने उलटं करून चटईखाली घातलं होतं.

"कळव पिएदादला," ती म्हणाली. "बाजावाल्यांना नाही म्हणून सांग."

तीन आठवडे ती दार लावून शिकली. मला आत घेत नव्हती, कारण माझा पायरव आला की आवाज खाली जातो म्हणाली. भिंतीतून मला ऐकू यायचं. एक ओळ, थांबणं, पुन्हा तीच ओळ. कधी कधी मधेच ती चुकून स्वतःच्या जुन्या वाटेला लागायची आणि मग टेबलावर हाताची थाप ऐकू यायची, स्वतःलाच रागावल्यासारखी. हळूहळू थापा कमी झाल्या. मी सायबिणीपुढे रोज एक मेणबत्ती लावत होते, की हिला ते जमू दे. जमलं.

मे महिन्याचा दुसरा रविवार. खुरसाला चुना लावलेला, अबोलीचे हार, वारा लागू नये म्हणून कापलेल्या बाटल्यांत उभ्या केलेल्या मेणबत्त्या. पिएदादने चण्यांचा टोप माझ्याच चुलीवर चढवला होता. सहा वाजता माणसं जमली. कोस्तान्स निळा झगा घालून आली, एर्मेलिंदने पाठवलेला. येऊन सवयीने डावीकडे उभी राहिली, अर्धं पाऊल मागे. मग तिच्या लक्षात आलं. ती मधे सरकली, खुरसाच्या बरोबर समोर, आणि पायाने जमीन चाचपली, जसं कोणी दुसऱ्याच्या घरात अंधारात उभं राहतं.

आणि तिने चाल गायली. सगळी. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. त्र्याहत्तर वर्षांचा तो मातकट आवाज वर चढून उघड्यावर आला, जरा थरथरला, मग सरळ झाला. प्रत्येक हाकेला लोकांचं उत्तर असं भरभरून आलं, जसं दोन वर्षं साठून राहिलं होतं. म्हातारे डोळे पुसत होते. मीही उत्तर देत होते, पण माझे कान सारखे डावीकडे जात होते. तिथे कोणी नव्हतं. पिएदादचं कुत्रं बसलं होतं.

संपल्यावर पिएदादने तिला मिठीच मारली. "आता म्हणायची लादाईन झाली! देवा सायबा, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे? आणि आम्ही समजत होतो की गाणं एर्मेलिंदचं!"

"एर्मेलिंदचंच होतं," कोस्तान्स म्हणाली. पण तोवर चणे वाटायला सुरुवात झाली होती आणि ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

पिएदादच्या भाच्याने फोनवर सगळं टिपून घेतलं होतं. दोन दिवसांत ते इतर वाड्यांवर पोचलं. मे संपेपर्यंत कोस्तान्स माना आणखी सहा खुरसांपुढे गायली. गाडी घेऊन यायचे तिला न्यायला. एका वाडीवर तर तिच्या गळ्यात हार घातला. तिने तो उतरवून खुरसाला घातला. कोणी तिला विचारायचं, गाणं कोणापासून शिकलात? ती मेस्त प्लासिदचं नाव सांगायची. रगडा आणि बाबल गावडे यांची नावं तिने एकदाही घेतली नाहीत. मी एकदा म्हटलं, सांग ना त्यांना. म्हणाली, "ते यातले नाहीत."

एर्मेलिंदचा निरोप माझ्या फोनवर आला. बोलून पाठवलेला. मी तो कोस्तान्सला ऐकवला. "कोस्तू गं, मी तीनदा ऐकलं. डोळे मिटून ऐकलं तर मीच गातेय असं वाटतं! अगदी माझ्यासारखं! घरातल्या सगळ्यांना ऐकवलं." पुढे ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. कोस्तान्सने निरोप पुरा ऐकला आणि फोन टेबलावर पालथा घातला. "तिला सांग, ऐकला," म्हणाली. "सांग, आनंद झाला."

त्यानंतरच्या सकाळी मी चहा ठेवून कान देऊन बसायची. अंगणात केरसुणीचा आवाज यायचा, नुसता. आधीसुद्धा एर्मेलिंद गेल्यापासून ती मोठ्याने गात नव्हतीच, पण गुणगुण असायची. माझा मिक्सर चालू झाला की त्याच्याखाली, इगर्जीची घंटा झाली की तिच्याखाली. कुणाला कळणारही नाही अशी. ती बंद झाली होती. मी स्वतःची समजूत घातली की दमली असेल, सात ठिकाणी गायली बिचारी.

एका संध्याकाळी मीच तिला आमच्याकडे तेर्साला बोलावलं. मुली मडगावला, यजमान बोटीवर. आम्ही दोघीच सायबिणीपुढे बसलो. तेर्स झाला की एक साधं गाणं म्हणायची आमची रीत आहे, माहेरून आणलेली. मी मुद्दाम जरा मोठ्याने सुरू केलं. खाली भरपूर जागा ठेवून. आणि वाट बघत राहिले, की आता तो सूर येईल आणि मला खाली ओढेल, मी घसरेन आणि ती म्हणेल, आलीस का खाली?

तिने तोंड उघडलं. तिचा आवाज माझ्याच सुरावर येऊन बसला. मी हळू झाले, ती हळू झाली. दुसऱ्या कडव्याला मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते आणि कपाळाला आठी होती. काहीतरी ठेवलेलं सापडत नसलं की पडते तशी. तिसऱ्या कडव्याला ती एका ओळीवर थांबली, खाली उतरायला गेली, सूर चाचपला आणि परत माझ्या ओळीवर आली. शेवटपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

क्रुसाची खूण करून ती उठली. गुडघे धरून, सावकाश.

"आज तू एकदाही घसरली नाहीस, लुर्दिन," ती म्हणाली. "बरी गायलीस."

मी तिला पायरीपर्यंत सोडायला गेले. अंगण ओलांडून ती तिच्या दाराशी पोचली, आत दिवा लागला आणि दार बंद झालं. मी आत येऊन सायबिणीपुढे पुन्हा बसले. मेणबत्ती अजून जळत होती. तीन आठवडे मी जे मागितलं होतं ते सायबिणीने दिलं होतं, आणि आता काय मागावं ते मला सुचत नव्हतं.